अकरा वाजून दहा मिनिटं

कागदावर एक गोल काढा, त्यात घड्याळाचे आकडे भरा आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावा. साठी ओलांडलेल्या माणसापुढे डॉक्टरांनी हा कागद सरकवला की बहुतेकांना आधी हसू येतं. पहिलीतल्या पोराला विचारावं तसं हे काय? पण ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. ‘दहा’ हा शब्द कानावर पडला की हात दहाच्या आकड्याकडे ओढ घेतो. ती ओढ आवरायची, दहा मिनिटं म्हणजे दोनचा आकडा असा हिशेब मनात करायचा आणि मग मोठा काटा उजवीकडे न्यायचा. मेंदूचा पुढचा भाग थकू लागला की ही ओढ आवरत नाही. छोटा काटा अकरावर आणि मोठा दहावर असं, दोन्ही काटे एकमेकांना खेटून बसलेलं घड्याळ तयार होतं. काहींचे बाराही आकडे गोलाच्या एकाच बाजूला दाटीवाटीने उभे राहतात. ती गोष्ट वेगळी, ती जागेच्या भानाची. म्हणजे या एका चित्रात आठवणीची परीक्षा थोडी आणि स्वतःला आवरण्याची, आखणी करण्याची परीक्षा जास्त. तीस गुणांच्या चाचणीत या घड्याळाला तीन गुण आहेत.

ही चाचणी झियाद नसरुद्दीन यांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये बेतली आणि २००५मध्ये प्रसिद्ध केली. डॉक्टरी बोलण्यात तिला ‘मोका’ म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम: घन ठोकळ्याची आकृती उतरवा, सिंह-गेंडा-उंट ओळखा, पाच शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने परत सांगा, शंभरातून सात-सात वजा करत जा. २६ आणि त्यावर गुण असले तर ठीक, खाली असले तर पुढची तपासणी. त्याआधी तीस वर्षं, म्हणजे १९७५पासून, फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांची ‘मिनी मेंटल’ चाचणी सगळीकडे चालायची. तीही तीस गुणांचीच. २०१८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ‘मोका’त तीसपैकी तीस मिळाल्याचा डांगोरा पिटला आणि घरोघरी तिचं नाव झालं. त्याबरोबर एक गैरसमजही घरोघरी गेला: ही हुशारीची परीक्षा आहे. ती हुशारीची परीक्षा अजिबात नाही. गाडी रस्त्यावर यायला योग्य आहे का, एवढंच पासिंगच्या वेळी बघतात. ती शर्यत जिंकेल का, हे कोणी बघत नाही.

हा सगळा विचार क्युपर्टिनोला समोर ठेवून करण्यासारखा आहे. सांता क्लारा काउंटीतलं हे सुमारे ६० हजार वस्तीचं गाव ॲपलचं मुख्यालय म्हणून जगाला ठाऊक. २०२०च्या जनगणनेनुसार इथले दोन-तृतीयांशाच्या आसपास रहिवासी आशियाई वंशाचे, आणि त्यांत मराठी घरंही आहेत. या घरांत आता दोन तऱ्हांची म्हातारपणं दिसतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात नोकरीसाठी आलेले इंजिनियर स्वतःच साठी-सत्तरीला पोचले. आणि त्यांच्यानंतर आलेल्यांचे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर येऊन-जाऊन राहतात. पहिल्यांचं आयुष्य इंग्रजीत, स्टिअरिंगमागे आणि विम्याच्या छत्राखाली. दुसऱ्यांचं मराठीत, मागच्या सीटवर, आणि विमा असलाच तर प्रवासाचा. दोघांना मोजायची फूटपट्टी मात्र एकच. माझं म्हणणं असं, की मेंदूचा कस बघायचा तर आधी माणसाची भाषा, त्याचे कान, त्याच्या रक्तवाहिन्या आणि त्याचा सकाळ-संध्याकाळचा दिवस बघावा लागतो, आणि निगाही तिथेच राखावी लागते. कवटीत थेट हात घालून करण्यासारखं सध्या फार थोडं आहे.

फूटपट्टीपासून सुरुवात करू. ‘मिनी मेंटल’मध्ये एक प्रश्न ऋतूचा आहे. जुलैत पुण्याहून आलेल्या आजींना विचारलं, सध्या ऋतू कोणता, तर त्या म्हणतील पावसाळा. जन्मभर जुलैत पावसाळाच होता. आपण तर अनुभवही पावसाळ्यांत मोजतो. क्युपर्टिनोत जुलैत थेंब पडत नाही. इथला पाऊस नोव्हेंबर ते मार्च, ऐन थंडीतला. मग आजींचा गुण कापायचा का? याच चाचणीत ‘काउंटी कोणती’ असंही विचारतात. मुलाचा पत्ता तोंडपाठ असलेल्या आजोबांनाही काउंटी ही भानगड माहीत असेलच असं नाही. ‘मोका’त १, ए, २, बी असा आकडा आणि अक्षर आळीपाळीने जोडत जायचं असतं. हे मराठीत आणताना गंमत होते. वर्णमाला घोकलेली असते अ, आ, इ, ई अशी. प्रश्नपत्रिकेतले उपप्रश्न मात्र अ, ब, क, ड. मग एक-अ-दोननंतर आ की ब? एका अक्षराने सुरू होणारे अकरा शब्द मिनिटात सांगा, हा इंग्रजीत सरळ प्रश्न. मराठीत ‘प’ दिला तर पाणी, पिशवी, पोळी, प्रवास हे सगळे चालणार का, की बाराखडीतली घरं वेगळी धरायची? बाराखडीत वाढलेल्या माणसाला ही शंका आली तर ती बुद्धी शाबूत असल्याची खूण समजावी. पण घड्याळ चालू असतं आणि शंका विचारण्यात पंधरा सेकंद जातात.

ही अडचण कोणाच्या ध्यानात आली नाही असं नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियातलं मोनोंगहेला खोरं आणि हरियाणातलं बल्लभगढ यांची तुलना करणाऱ्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये ‘मिनी मेंटल’चा हिंदी अवतार तयार केला. बल्लभगढच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा ‘डोळे मिटा’ अशी लिहिलेली आज्ञा दाखवण्याऐवजी परीक्षकाने स्वतः डोळे मिटून दाखवायचे आणि समोरच्याने तसं करायचं, असे बदल केले. शब्दाला शब्द ठेवून हे साधत नाही. प्रश्नामागचा हेतू पकडून नवा प्रश्न घडवावा लागतो. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत चाचण्यांचा मोठा संच बांधून २०२०मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. त्या पाचांत मराठी नव्हती. आठ-नऊ कोटी लोकांच्या भाषेला हे शोभत नाही, एवढं म्हणून पुढे जाऊ. ‘मोका’ मराठीत उपलब्ध आहे, आणि क्युपर्टिनोतल्या मुलाला ते सहसा माहीत नसतं.

माहीत नसल्यामुळे काय होतं? मुलगाच दुभाष्या होतो. डॉक्टर पाच शब्द इंग्रजीत सांगतात, मुलगा ते मराठीत आईला सांगतो, आणि पाच मिनिटांनी आई अडखळली की त्याच्या तोंडून निघून जातं, “अगं, देवळासारखं काहीतरी होतं बघ!” त्यात फसवाफसवी नाही, पोटच्या पोराला आई नापास होताना बघवत नाही. पण त्या एका ‘देवळा’ने चाचणी निकामी झाली. सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकन दवाखान्याने जाणकार दुभाष्या फुकट दिला पाहिजे, असं तिथला कायदा सांगतो, आणि फोनवर मराठी दुभाष्या मिळू शकतो. ‘मी करतो ना भाषांतर’ हे वाक्य गिळून तो मागावा.

भाषेइतकीच मोठी गफलत शिक्षणाची. बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्याला ‘मोका’त एक गुण वाढवून देतात. चौथीत शाळा सुटलेल्या आजी आणि दोन पदव्यांचे काका यांच्यातलं अंतर एका गुणाने भरून निघेल, ही भाबडी समजूत झाली. उलट बाजू तर अधिक फसवी. डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतल्या ६७८ जोगिणींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांपैकी सिस्टर मेरी यांनी शंभरी ओलांडेपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण मिळवले, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासला तर अल्झायमरच्या खुणांनी भरलेला. याला संशोधक ‘राखीव साठा’ म्हणतात. भरपूर शिकलेल्या माणसाकडे अडलं तर वळसा घालून जायचे दहा रस्ते असतात. त्यामुळे पहिले पाच बंद झाले तरी बाहेरून कळत नाही. क्युपर्टिनो हे अशा राखीव साठ्यांचंच गाव. जन्मभर चिपचे आराखडे काढलेला निवृत्त इंजिनियर २८ गुण घेऊन हसत बाहेर पडेल. दहा वर्षांपूर्वी तो याहून कठीण चाचणीत कुठे होता, हे त्या २८ला ठाऊक नसतं. तसंच पावकी-निमकी-औटकी पाठ केलेल्या पिढीचं. शंभरातून सात वजा करणं त्यांच्या जिभेवर असतं, आणि जिभेवरचं सगळ्यात शेवटी जातं.

म्हणून २६च्या रेघेवरून घाबरणं आणि निर्धास्त होणं दोन्ही फोल आहे. कामाची तुलना एकच: याच माणसाची, याच भाषेत, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाशी. साठीच्या आसपास, सगळं नीट चालू असताना, एकदा आपल्या भाषेत चाचणी करून गुणांपेक्षा मूळ कागद जपून ठेवायचा. चोवीस आले आणि तीन वर्षांनी पुन्हा चोवीस आले तर चिंता नाही. एकोणतीसचे सव्वीस झाले तर रेघेच्या वर असूनही डॉक्टरकडे जायचं. गंमत म्हणजे क्युपर्टिनोची ती कंपनीही याच दिशेने गेली. बायोजेन या औषध कंपनीसह तिने २०२१मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २० हजारांहून अधिक लोक आपापल्या फोन-घड्याळांसह सामील झाले; माणूस रोज उपकरण कसं वापरतो यातल्या बदलातून काही कळतं का, हा प्रश्न होता. कल्पना रास्त आहे. फक्त ज्या आजोबांचा फोन नातू लावून देतो, त्यांच्या फोनमध्ये मोजला जाईल तो नातू.

यावर कोणी कायझर पर्मनंटीचे आकडे पुढे करील, आणि करावेच. उत्तर कॅलिफोर्नियातल्या या आरोग्य संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या २००० ते २०१३ या काळातल्या नोंदींवरून एलिझाबेथ रोझ मायेडा आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये आशियाई गटांची तुलना मांडली. स्मृतिभ्रंशाचं नवं निदान होण्याचं प्रमाण दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत सर्वांत कमी निघालं: दर हजारी वर्षाला सुमारे १२, तर फिलिपिनो गटात १७. हे वाचून क्युपर्टिनोतल्या एखाद्या काकांनी हळदीचं दूध एक घोट जास्त प्यायलं असेल तर नवल नाही. बल्लभगढच्या अभ्यासातही अल्झायमरचं प्रमाण जगातल्या नीचांकांपैकी निघालं होतं. पण विमानात बसून इथवर येतो तो माणूस मुळात धडधाकट आणि शिकलेला असतो. ती निवड आधीच झालेली असते. दुसरं, कायझरचे आकडे निदानाचे आहेत, आजाराचे नव्हेत. ज्या घरात विसरण्याला ‘वय झालं’ म्हणतात आणि विचित्र वागण्याला ‘म्हातारचळ’, तिथून डॉक्टरांपर्यंत कोणी जातच नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने तर बुद्धी जाण्याची तारीखच ठरवून टाकली आहे. भारतभर घरोघरी जाऊन, चाचण्या करून शोधलं तेव्हा चित्र वेगळं दिसलं: २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ अभ्यासाप्रमाणे साठीवरच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ‘आपल्यात हे नसतं’ या समजुतीला आधार नाही.

उलट काळजीचं कारण आपल्या रक्तात आहे, अगदी शब्दशः. सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागोमधल्या ९०६ दक्षिण आशियाई लोकांना घेऊन २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘मसाला’ अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण इतर वंशगटांपेक्षा ठळकपणे जास्त आढळलं. क्युपर्टिनोपासून पंधरा-वीस मिनिटांवर, माउंटन व्ह्यूच्या एल कमिनो रुग्णालयात २००६पासून खास दक्षिण आशियाई हृदयांसाठी केंद्र चालतं ते उगाच नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या हृदयाच्या नळ्यांहून निराळ्या धातूच्या नसतात. ९,३६१ लोकांवरच्या ‘स्प्रिंट’ प्रयोगात वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवायचं ध्येय धरलं, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली, असं २०१९मध्ये दिसलं. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, तेही नोंदवलं पाहिजे. तरी रोजच्या साध्या गोळ्यांनी एवढं साधत असेल, तर त्यांच्याबद्दल दिवाळीच्या फराळावर कोणी का बोलत नाही?

बोलणं होतं ते कोड्यांबद्दल. शब्दकोडी, सुडोकू, मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’. क्युपर्टिनोच्या शेजारच्या गावांतूनच या व्यवसायाची भरभराट झाली आणि तिथूनच त्याला टाचणीही लागली. स्टॅनफर्डच्या दीर्घायुष्य केंद्राने २०१४मध्ये सुमारे सत्तर शास्त्रज्ञांच्या सहीचं निवेदन काढलं की या खेळांनी म्हातारपणची घसरण थांबते याला पुरावा नाही. २०१६च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ल्युमॉसिटी’वर फसव्या दाव्यांचा ठपका ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मुद्दा साधा आहे: सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत तरबेज होतो, चष्मा कुठे ठेवला ते त्याने आठवत नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. २,८०२ ज्येष्ठांवरच्या ‘ॲक्टिव्ह’ प्रयोगात आठवण, तर्क आणि नजरेचा वेग अशी तीन निरनिराळी प्रशिक्षणं दिली होती; दहा वर्षांच्या नोंदींवरून २०१७मध्ये जे विश्लेषण आलं त्यात वेगाच्या गटाला स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी दिसला. आठवणीचं प्रशिक्षण घेतलेल्यांना तसा ठाम फायदा नव्हता. म्हणजे ज्यासाठी आपण पाठांतर करतो ते कामी आलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून येणारी गाडी झटकन टिपण्याचा सराव आला. शब्दकोड्यांत मजा येत असेल तर जरूर सोडवावीत, औषध म्हणून नकोत. आणि गाण्याच्या भेंड्या खेळता आल्या तर त्या कोड्यांहून बऱ्या, कारण भेंड्यांना माणसं लागतात.

माणसं लागतात आणि कान लागतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये टाळता येण्यासारखी चौदा कारणं मोजली आणि ती सगळी हटवता आली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा अंदाज दिला. यादीत सर्वांत वजनदार दोनच: मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं. आपल्याकडे चष्म्याची लाज कधीच संपली, श्रवणयंत्राची संपलेली नाही. ज्याला अर्धवट ऐकू येतं तो आधी हसून मान हलवतो, मग गप्प बसतो, मग आपल्या खोलीत जातो. आणि ‘बाबा हल्ली विसरतात’ म्हणून त्याला डॉक्टरकडे नेतात, जिथे पाच शब्द त्याला नीट ऐकूच येत नाहीत. यंत्र लावून मेंदू वाचतो का, याचा ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला. २०२३मधला निकाल मिश्र होता. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. आणि २०२४च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपलच्या कानातल्या इअरबड्सना सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्र म्हणून वापरायला मान्यता दिली. फोनवर कानाची चाचणी, त्याच फोनने जुळणी. गावच्या कारखान्याने गावच्या म्हाताऱ्यांसाठी केलेलं सर्वांत उपयोगी काम बहुधा हेच, आणि त्याची जाहिरात मेंदूच्या नावाने झाली नाही.

आता त्या खोलीतल्या दिवसाकडे बघू. मुलगा-सून आठला बाहेर, नातवंडं शाळेत. स्टीव्हन्स क्रीक बुलेवार्डच्या आतल्या गल्ल्यांत फुटपाथ आहेत, झाडं आहेत, माणूस नाही. पुण्यात वा नाशकात याच आजी सकाळच्या तासाभरात भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस, रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत आणि बँकेत इंग्रजीत सही असं सगळं करायच्या. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला; दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार साडेचार वर्षं उशिरा गाठतो असं २०१३मध्ये त्यांनी मांडलं, आणि हे निरक्षरांतही दिसलं. याला उत्तर म्हणून न्यूयॉर्कचा अभ्यास पुढे येतो: २०१४मध्ये लॉरा झाहोडनी आणि सहकाऱ्यांना स्पॅनिशभाषक स्थलांतरितांत असा फायदा आढळला नाही. माझ्या मते दोन्ही निकालांत फार भांडण नाही. हैदराबादेत भाषा रस्त्यावर बदलत राहते, दर दहा मिनिटांनी, गरजेपोटी. स्थलांतरिताच्या घरात दुसरी भाषा येत असली तरी ती वापरायची वेळ किती येते, हा प्रश्न आहे. क्युपर्टिनोत आजींच्या तीन भाषांची एक होते, आणि तीही मुलगा घरी आल्यावर तासभर. मेंदूला झळ लागते ती या आटण्याची.

गावात सोय नाही असं नाही. मेमोरियल पार्कला लागूनच पन्नाशीपुढच्यांसाठी सीनियर सेंटर आहे. पार्कात रोज फिरणारी चिनी, भारतीय मंडळी दिसतात. फोनवरून बोलावता येणारी शटल शहराने २०१९मध्ये सुरू केली. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ हा उपक्रम आहे, २०२४चं अधिवेशनच शेजारच्या सॅन होजेत झालं. पण अधिवेशन दोन वर्षांतून एकदा असतं आणि मेंदूला संगत रोज लागते. शटल बोलावायला फोन वा ॲप हाताळता यायला हवं, सीनियर सेंटरमध्ये नाव घालायला कोणीतरी पहिल्या दिवशी सोबत जायला हवं. ती एक सकाळ मुलाने रजा काढून दिली, तर त्याने घेतलेल्या कुठल्याही सबस्क्रिप्शनपेक्षा ती जास्त कामाची.

इतकं करून आक्षेप उरतोच: इलाज नसलेल्या आजाराची चाचणी करायची कशाला? अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेही २०२०मध्ये म्हटलं की लक्षणं नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. बरोबर आहे, आणि मी सरसकट चाळणी मागतही नाही. आपला कागद आपल्यापाशी असावा, एवढंच. शिवाय ‘इलाज नाही’ हे अर्धंच खरं. विसरण्यामागे थायरॉइड असतो, नैराश्य असतं, झोपेत श्वास अडकणं असतं, चार डॉक्टरांनी दिलेल्या अकरा गोळ्यांची एकमेकींशी भांडणं असतात. आणि मराठी घरात तर ब-१२ असतं, म्हणजे नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे निष्कर्ष दिले. दोन-तृतीयांशांच्या रक्तात ब-१२ कमी होतं, शाकाहाऱ्यांत विशेष. त्यावर मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी उतरतं. ब-१२ची कमतरता पायाला मुंग्या आणते तशी डोक्यावर धुकंही आणते, आणि वेळेत पकडली तर ते धुकं इंजेक्शनांनी हटू शकतं. अल्झायमरच्या भीतीने डॉक्टरकडे न गेलेला माणूस या साध्या गोष्टीलाही मुकतो. खुद्द अल्झायमरसाठी २०२३मध्ये लेकानेमॅब आणि २०२४मध्ये डोनानेमॅब ही औषधं आली. ती आजार बरा करत नाहीत, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात वेग थोडा कमी करतात, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे एमआरआय काढून बघत राहावं लागतं. २०२५च्या मे महिन्यात रक्ताच्या चाचणीलाही मान्यता मिळाली, पण लक्षणं असलेल्या पंचावन्न वर्षांवरील लोकांसाठी. धडधाकट माणसाने वाढदिवसाची भेट म्हणून करून घ्यायची ती चाचणी नाही.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, आणि तो पहिल्याहून खरा आहे. कॅलिफोर्नियात अल्झायमरसारख्या आजाराचं निदान झालं तर डॉक्टरांना ते आरोग्य अधिकाऱ्याला कळवावं लागतं आणि तिथून ते वाहन विभागाकडे जातं. त्यानंतर लायसन्सचा फेरविचार. क्युपर्टिनोत लायसन्स जाणं म्हणजे किराणा, देऊळ, मित्र आणि दवाखाना एकदम जाणं. तीस वर्षं स्वतः गाडी चालवलेला माणूस एका दिवसात मागच्या सीटवर येतो. या भीतीने तपासणी टाळणाऱ्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं होईल. पण गाडी चालवायचं सोडण्याची तयारी निदानाआधीच व्हायला हवी. शटलची सवय सत्तरीतच लागली, घर चालत जाण्याच्या अंतरावर दुकान असलेल्या ठिकाणी बदललं, तर त्या निदानाची धार बोथट होते. वाहन विभागाकडून येणारं पत्र एकट्या राहणाऱ्याला जेवढं लागतं तेवढं सोबत असलेल्याला लागत नाही.

आणि येऊन-जाऊन राहणाऱ्या आईवडिलांचं काय? ग्रीन कार्डावर आलेल्या पासष्टीच्या माणसालाही मेडिकेअर विकत घ्यायला सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. व्हिसावरच्या माणसाचा प्रश्नच नाही, आणि प्रवासी विम्यात असल्या तपासण्या सहसा बसत नाहीत. तेव्हा ही कामं तिकडेच, मराठीत, ओळखीच्या डॉक्टरकडे उरकून निघणं शहाणपणाचं. मराठी ‘मोका’चा कागद, कानाची चाचणी, ब-१२ आणि साखरेचे आकडे, रक्तदाबाची वही, सगळ्या गोळ्यांची एक यादी. सामानात गोडा मसाला आणि कुरडया बांधताना ही फाइल पासपोर्टच्या कप्प्यात ठेवायची, आणि इथे उतरल्यावर मुलाच्या डॉक्टरांना तिची एक प्रत द्यायची. पुढच्या जुलैत पुन्हा घड्याळ काढायचं, तेव्हा त्यांना आजींचं आधीचं घड्याळ शेजारी ठेवून बघता येईल.